डोरीनची हरकत

हेडलीने नकाशाची गुंडाळी डोरीनच्या स्वयंपाकघरातल्या टेबलावर उलगडली आणि ती पुन्हा मिटू नये म्हणून एका टोकावर साखरेचं भांडं, दुसऱ्यावर आपली टोपी ठेवली. स्वारी खुशीत होती. ओढा ओलांडून, चिखल तुडवत तो आला होता तो काही उगाच नव्हे.

गोठ्याचं घर करायचं, त्यात आपण राहायचं आणि मोठं घर मुलीला, रोवीनाला द्यायचं, असा त्याचा बेत होता. त्या खोऱ्यात नवं घर बांधायला मनाईच. जुन्या दगडी गोठ्यात राहायची परवानगी मिळे, तीही हजार नाकदुऱ्या काढल्यावर. एप्रिलपर्यंत ती हाती आली नाही, तर रोवीना नवरा-मुलांसकट लीड्स शहरात राहायला जाणार होती. सगळं जुळत आलं आणि कौन्सिलच्या बाईंचा फोन आला. पलीकडच्या डोरीनबाईंची हरकत आहे, गोठ्याच्या मोठ्या दाराबद्दल. तेवढी मिटवा, मग बघू.

हरकतीचं पत्र वाचायला हेडली काही कौन्सिलच्या कचेरीत गेला नाही. शेजारणीने आपल्याविरुद्ध लिहिलेलं वाचायचं आणि रविवारी चर्चमध्ये तिच्याच बाकावर बसायचं, हे तिथे कुणालाच जमलं नसतं. त्याने आपल्या अकलेने ताडलं. दाराच्या जागी काच बसणार, वर लाकडी पट्ट्या असल्या तरी फटींतून थेट बाईच्या चुलीपर्यंत दिसणार. तिला ते कसं रुचेल? त्याने नकाशा बदलून घेतला.

"हे बघ. दार दगडांनी पार बुजवलंय. आता तुझ्याकडे कुणी डोकावणार नाही."

डोरीनने चष्मा लावून नकाशा पाहिला. चेहरा काही खुलला नाही.

"माझं पत्र वाचलंस?"

"तुझं पत्र मी कशाला वाचू?"

"वाचलं असतंस तर हा शहाणपणा केला नसतास."

मग तिने सांगितलं. आधीच्या नकाशात त्या काचेवर लाकडी पट्ट्या दाखवल्या होत्या, झाकून टाकायला. तिची हरकत काचेला नव्हती, पट्ट्यांना होती.

"माझा विल्फ गेला, मी एकटी पडले, तेव्हापासून पहाटे पाचला तुझा कंदील त्या दारात दिसतो. तो दिसला की मी उठते आणि किटली ठेवते."

हेडलीने टोपी उचलली. नकाशा आपोआप मिटला.

"गाई विकून दोन वर्षं झाली, डोरीन."

"मला माहीत नाही होय? रिकाम्या गोठ्यात कंदील घेऊन कशाला जातोस, हे मी कधी विचारलंय का?"

हेडलीचे कान लाल झाले. या वयात माणसाला एवढं बरं वाटावं, याची त्याला लाजच वाटली. त्याने पेन्सिल मागितली. तिने कॅलेंडरला बांधलेली सोडून दिली आणि आल्याच्या केकचा एक तुकडा त्याच्यापुढे सरकवला.

परवानगी मार्चमध्येच आली. उन्हाळा सरता सरता गोठ्याचं घर उभं राहिलं. पडद्यांची मापं घ्यायला रोवीना फीत घेऊन खिडकीखिडकीपाशी फिरली. मोठ्या काचेशी आल्यावर तिला स्टुलावर चढावं लागलं.

"बाबा, हिला जाड कापड लागेल. नाहीतर पलीकडून सगळं दिसेल."

"तिला पडदा नको," हेडली म्हणाला आणि कंदिलाची काच पुसत राहिला.