काळं फडकं

"चुलीचा धूर म्हणे! अहो, आपल्या घरात चूल होती तरी कधी?"

रेल्वेच्या डिझेल शेडच्या फाटकातच बायकोने धापा टाकत मला विचारलं. तिच्या खोकल्याचं हे कारण शेडच्या डॉक्टरने आदल्याच दिवशी सांगितलं होतं. मी जन्मभर स्टोअरमध्ये नट-बोल्ट दिले आणि साहेबांपुढे मान हलवली.

शेडचा सुवर्णमहोत्सव होता. एक जुनं डिझेल इंजिन रंगवून चौथऱ्यावर उभं केलं होतं. शेजारच्या फलकावर इतिहास होता: डोंगरापलीकडच्या खाणींचा कोळसा ओढायला ही इंजिनं आली, पुढे विजेची आली, डिझेल निवृत्त झालं. साहेबांची नावं होती, ड्रायव्हरांची होती. शेवटी लिहिलं होतं, 'सुरुवातीपासून धूळमुक्त शेड.'

धूळमुक्त म्हणे! कोळशाच्या भुकटीने इंजिनांचा श्वास कोंडायचा. हवेच्या जाळ्या रोज काढून नळीच्या वाऱ्याने फुंकाव्या लागत. पुरुषांना ते काम नको होतं, म्हणून बायका ठेवल्या. त्यांतली आता माझी बायकोच उरली आहे. सगळे तिला फुंकरबाई म्हणत. तोंडाला बांधायला काही मागितलं, तर उत्तर मिळे, "घरून रुमाल आणा."

जाळी बसवण्याआधी तिच्यामागच्या पेटीत पांढरं फडकं फिरवून ती ते इंजिनाच्या पुढच्या दांडीला बांधायची. पांढरंच राहिलं, तर ड्रायव्हर भोंगा देऊन निघे. काळं झालं, तर इंजिन हलत नसे, मग साहेब कितीही ओरडोत.

"ती ओळ काढायला सांगा ना," ती म्हणाली.

मी साहेबांकडे गेलो. फलकाकडे बोट करून ती ओळ काढायला सांगितली.

"काका," साहेब हसून म्हणाले, "चांगल्या दिवशी धूळ कशाला उडवताय?"

मी परत आलो. माझं तोंड बघूनच तिला कळलं.

"असू द्या. माझा रुमाल द्या."

एकेका पायरीवर थांबत ती चौथरा चढली. इंजिनाच्या कुशीतलं, जाळीच्या पेटीचं छोटं दार तिने उघडलं आणि हात आत घातला. रंग बाहेरूनच दिलेला होता. रुमाल काळाकुट्ट होऊन बाहेर आला. तो तिने पुढच्या दांडीला घट्ट गाठ मारून बांधला आणि ती पायरीवर बसली.

समारंभाची सुरुवात म्हणून भोंगा द्यायला शेडचा सगळ्यात जुना ड्रायव्हर वर इंजिनात बसला होता. त्याने खिडकीतून वाकून पाहिलं.

"द्या भोंगा!" साहेब खालून ओरडले.

"कसा देऊ? फडकं काळं आहे."

"अहो, हे इंजिन कुठे जाणार आहे?"

"ते वहिनींना विचारा." त्याने भोंग्यावरचा हात काढून घेतला.

साहेबांनी आजूबाजूला पाहिलं. रुमाल सोडायला एकही माणूस वर चढला नाही. बॅण्डवाले वाद्यं खाली ठेवून उभे राहिले. तेवढ्यात तिला खोकल्याची उबळ आली. ती ओसरायला बराच वेळ लागला. भोंगा वाजला नाही.