बॉबिनच्या दोन फेऱ्या

वकिलांच्या नव्या कोटाचे अस्तर बॉबिनने मंगळवारी दुपारी फाडले आणि शिंपीमास्तरांच्या बायकोने लगेच आपल्या धाकट्या भावाला फोन लावला.

"रविवारी गाडी घेऊन ये आणि ही कुत्री घेऊन जा. तुझ्याकडे अंगण आहे. तिथे काय घालायचा तो धुडगूस घालू दे."

बॉबिन म्हणजे चार किलो वजनाची, तपकिरी, पडक्या कानांची कुत्री. पुढच्या खोलीत शिवणाचे दुकान आणि मागे संसार, एवढ्या जागेत ती दीड वर्ष वाढली होती. महिन्याभरात तिने एक शोल्डर पॅड, दोन टेपा आणि एका गिऱ्हाइकाच्या चपलेचा पट्टा खलास केला होता. वर दिवसभर भुंकून घर डोक्यावर घ्यायची. काजे-बटणे करणाऱ्या बायकोच्या बोटांत त्या दचक्याने सुया घुसायच्या.

"अगं, एवढीशी तर आहे ती," मास्तर म्हणाले.

"सुईसुद्धा एवढीशीच असते."

मूलबाळ नसलेल्या त्या घरात दिवसभर पायाशी लोळणारा हा एकच जीव होता आणि तो जाणार म्हटल्यावर मास्तर अर्ध्या जेवणावरून उठले. बुधवारी सकाळी काही उपाय मिळतो का ते पाहायला, नेहमीसारखे तिला पिशवीत घालून, ते जनावरांच्या डॉक्टरीणबाईंकडे गेले. बाईंनी दात पाहिले, कान पाहिले, गुडघे दाबून पाहिले आणि विचारले, "हिला फिरवता किती?"

मास्तरांचा हिशेब तयार होता. "कापायच्या टेबलाचा घेर अठरा फूट. दिवसाला दोनशे चकरा तरी मारते. म्हणजे किलोमीटरच्या वर झालं. एवढ्याशा पायांना अजून किती पाहिजे?"

"मास्तर, तुम्ही एका टेबलाभोवती रोज दोनशे चकरा मारल्यात तर?"

"डोकं फिरेल माझं."

"तिचंही तेच झालंय. हिला आजार नाही. हिला काम नाही." बाईंनी कागदावर लिहून दिले: सकाळी वीस मिनिटे, संध्याकाळी वीस मिनिटे, उन्हात नाही, गळ्याला पट्टा नको, छातीला हवा. "आणि ओढून नेऊ नका. ती नाकाने चालते, पाय नुसते मागून येतात. हुंगेल तिथे थांबायचं. घरी आल्यावर डोक्याला थोडं काम द्या."

छातीचा पट्टा मास्तरांनी कोटाच्या आत घालून उरलेल्या कॅनव्हासचा स्वतःच शिवला. पहिल्या ट्रायलला तो काखेत काचला, दुसऱ्या ट्रायलला खांद्यावरून घसरला. तिसऱ्या ट्रायलला असा बसला की वकिलांचा कोटही तसा बसला नसता.

पहिल्या संध्याकाळी बॉबिन तिसऱ्या दिव्याच्या खांबापाशी फतकल मारून बसली. तीस वर्षे मशीनवर बसून काढलेल्या मास्तरांनाही तेवढ्यातच धाप लागली होती. दोघे परत आले. गुरुवारी तिने एका लोखंडी फाटकाची खालची कड चार मिनिटे हुंगली. गिऱ्हाइकाला दोन मिनिटे उभे न ठेवणारे मास्तर चार मिनिटे उभे राहिले. शुक्रवारी ती शाळेच्या भिंतीपर्यंत गेली. शनिवारी भिंत ओलांडली, आणि रस्त्याकडेच्या पायऱ्या चढताना प्रत्येक पायरीला थांबून, अंदाज घेऊन मगच उडी मारली. कापड कापायच्या आधी मास्तर स्वतः असेच थांबत. एवढे नेटके काम त्यांनी चांगल्या कारागिरातही क्वचित पाहिले होते.

घरी आल्यावर ते चिंध्यांच्या गुंडाळ्यांत खाऊचे तुकडे लपवीत. बॉबिन नाकाने एकेक गुंडाळी उलगडी आणि मग मशीनखाली झोपून जाई. तीन दिवसांत एक धागा तुटला नव्हता. बाईंचे सांगणे मास्तर रोज बायकोला ऐकवत, पण भावाला येऊ नको म्हणायला तिने काही फोन उचलला नव्हता.

रविवारी दहाला वकील कोट न्यायला येणार होते. डाव्या बाहीला सुरकुती पडत होती, म्हणून मास्तर पहाटेपासून मशीनवर होते. फिरायची वेळ टळली. बॉबिन दारापाशी बसली, उठली आणि टेबलाभोवती फिरू लागली. कडेला नवे अस्तर लोंबत होते. मास्तरांना सगळे दिसत होते, पण दोन्ही हात बाहीत अडकलेले. टाका संपवून त्यांनी मान वर केली, तर खोलीत कुत्री नव्हती आणि बायकोही नव्हती.

साडेआठला मेहुणा आला. "कुठाय पार्सल?"

"तुझी ताईच घेऊन गेलीय वाटतं."

"कुठे?"

"मला सांगून जाते का ती?" मास्तरांचा जीव टांगणीला लागला होता. बहुतेक दुसऱ्याच कुणाला तरी देऊन टाकायला गेली असावी.

मेहुण्याचा चहा निवत आला तेव्हा दोघी कोपऱ्यावर दिसल्या. बॉबिन पुढे, दोरी सैल, आणि मागे घामाघूम बायको.

"वीस मिनिटं म्हणे!" ती दारातूनच म्हणाली. "त्या भिंतीपाशीच बारा गेली."

"मग ओढायची ना, ताई."

"ओढायची नसते." हा आवाज ती ट्रायलला हालणाऱ्या गिऱ्हाइकांसाठी राखून ठेवी. मग ती नवऱ्याकडे वळली. "अहो, फाटकापाशी वासराएवढा कुत्रा आडवा आला. माझी बोबडी वळली. ही नाही घाबरली. तोंड बाजूला करून शांत बसली, त्याला जाऊ दिलं आणि मग मला घेऊन पुढे निघाली. मला घेऊन!"

"बरं, नेऊ ना मी आता हिला?" मेहुण्याने किल्ली उचलली.

"तू फिरवशील रोज? दोन वेळा?"

"एवढं अंगण असताना फिरवायचं कशाला?"

मास्तरांना आपलेच बुधवारचे बोलणे ऐकू आले आणि ते खो खो हसत सुटले. बायको हसली नाही. तिने भावाच्या हातातली किल्ली काढून टेबलावर ठेवली.

"जेवून जा तू," ती म्हणाली. "आणि अहो, सकाळची फेरी आजपासून माझी. संध्याकाळची तुमची, कोट असो नाहीतर आणखी काही."