सीलबंद बाटलीचे वजन

सीलबंद बाटलीचे वजन काळानुसार किंचित कमी होऊ शकते, वाढू शकत नाही. बुचाच्या फटीतून वाफ बाहेर जाते. बाहेरून आत काही येत नाही. तंत्रनिकेतनाची पदविका घेतल्यानंतर माझी सारी नोकरी गोखिवऱ्यातल्या एका कारखान्यात वजनकाटे तपासण्यात गेली, आणि या नियमाला अपवाद माझ्या पाहण्यात आला नाही. दोन वर्षांपूर्वी सुनेला मी जो शब्द दिला, तो याच नियमाच्या भरवशावर.

माझा मुलगा संकेत तेव्हा व्यसनमुक्ती केंद्रातून नुकताच घरी आला होता. त्याआधी नशेत त्याने गाडी नाल्याच्या कठड्यावर घातली होती आणि मागच्या सीटवर माझी नात संपदा होती. तिच्या हनुवटीवर टाक्यांचा व्रण अजून दिसतो. सून स्वप्ना मुलीला घेऊन डोंबिवलीला माहेरी निघून गेली. तिला परत आणायला मी आणि संकेत असे दोघे गेलो, तेव्हा तिची अट एकच होती.

"बाबा, ते कपाट आधी रिकामं करा."

एव्हरशाईन सिटीतल्या आमच्या फ्लॅटच्या दिवाणखान्यात काचेच्या दारांचे एक कपाट आहे. त्यात संकेतने जमवलेल्या व्हिस्कीच्या नऊ बाटल्या होत्या. सगळ्या लिमिटेड एडिशन. प्रत्येकीच्या लेबलावर हाताने घातलेला क्रमांक आणि शेजारी तिचे लाकडी खोके.

"अगं, त्या प्यायच्या नाहीतच," संकेत म्हणाला होता. "कंपनी पुन्हा काढणार नाही. संपदाच्या कॉलेजपर्यंत त्यांची किंमत कुठे जाईल बघ. आणि सील तुटलं की किंमत शून्य. मग मी तोडीन कशाला? उलट त्या समोर असू देत. सील तुटलेलं दिसलं, तर मी खोटा."

अशा बाटल्या विकत घ्याव्यात की नाही, याविषयी माझे मत कधीच अनुकूल नव्हते. काट्याला किंमत येते ती तो रोज तोलतो म्हणून. या वस्तूला मात्र किंमत येते ती कोणी तिला हात लावत नाही म्हणून. आत काय आहे ते विकणारा सांगतो, घेणारा मानतो, आणि खात्री करून घ्यायची तर वस्तूच नष्ट होते. अशा सौद्यात मी माझा पैसा कधी घातला नसता. पण त्या दिवशी संकेतचा युक्तिवाद मला सोयीचा वाटला. बंद वस्तू तपासता येते.

"मी तपासत जाईन," मी स्वप्नाला म्हणालो. "एकीतही फरक दिसला, तर मी स्वतः तुला फोन करीन. मग तू संपदाला घेऊन गेलीस तरी मी अडवणार नाही."

ती बॅग भरायला उठली.

घरी आल्यावर मी माझा जुना काटा काढला, प्रमाणित वजने लावून तपासला, आणि नऊही बाटल्या तोलून प्रत्येकीचे वजन तिच्या खोक्याच्या तळाशी पेन्सिलीने लिहिले. पहिले वर्षभर अधूनमधून मी हे करत असे. आकडे हलले नाहीत. मग एकदा संकेत हसत म्हणाला, "बाबा, किती वेळा उचलता? लेबलांच्या कडा झिजल्या. घेणारा आधी लेबल बघतो. तुमच्या तपासणीतच किंमत पडायची." मला ते पटले. त्यानंतर मी काचेबाहेरूनच सीले पाहू लागलो. सीले अभंग होती. संकेत वेलदोडे चघळत असे. दारू-सिगारेट सुटल्यावर लोक काहीतरी चघळतातच. घरात कधीकधी प्लास्टिक तापल्याचा वास येई. मी दोन वेळा सगळा स्विचबोर्ड उघडून एकेक जोडणी घट्ट केली. दोष सापडला नाही.

ईस्टरनंतरच्या दुसऱ्या रविवारी मार्सेल आला. नंदाखालचा मार्सेल आणि मी एकाच कारखान्यात, एकाच टेबलावर बसत असू. धाकट्या मुलीच्या, शॅननच्या, लग्नाची पत्रिका आणि सुकेळ्यांचे पुडके घेऊन तो आला होता. स्वप्ना इस्पितळात ड्यूटीवर होती. संपदाने पुडके लगेच फोडले.

"काय दिनानाथ, अजून काटे तपासतोस की माशाचे काटे खातोस?" मार्सेल सोफ्यात बसत म्हणाला.

"दातांना आता काटेही जमत नाहीत. शॅननचा नवरा काय करतो?"

"जहाजावर आहे. सहा महिने पाण्यात, सहा महिने सासऱ्याच्या डोक्यावर." मग त्याची नजर कपाटाकडे गेली. "अरे वा! हा तर नुसता चर्चमधला आल्तार मांडलाय. संकेत, पोरा, तू तर पीत नाहीस ना आता?"

"नाही अंकल. ही गुंतवणूक आहे." संकेत स्वयंपाकघराच्या दाराशी उभा होता.

"गुंतवणूक! आमच्याकडे केळी ठेवली तर सुकेळी होतात. दारू ठेवून काय होतं?"

"किंमत वाढते."

"आणि मग?"

"मग विकायची."

"तो घेणारा पिणार?"

"नाही. तोही ठेवणार."

मार्सेल मोठ्याने हसला. "म्हणजे शेवटचा माणूस येईपर्यंत सगळे तहानलेले! दिनानाथ, तुझ्या पोराने भारी धंदा काढलाय."

मलाही हसू आले, आणि त्या हसण्याच्या भरात मी बोलून गेलो, "यातली एक शॅननच्या लग्नाला माझ्याकडून. टोस्टला उघडा. संकेतला मी भरून देईन."

संकेतचा चेहरा मी पाहिला. रागावलेला माणूस लाल होतो. तो पांढरा पडला.

"बाबा, ती सिरीज तुटेल."

"तुटू दे. निदान एकीचा तरी उपयोग होईल."

"मी दुसरी आणून देतो अंकलना. यापेक्षा चांगली. आजच आणतो."

मार्सेल तोवर उठला होता. त्याने कपाटाचे दार सरकवून मधली बाटली उचलली आणि खिडकीच्या उजेडात धरली. "हिच्यात काय तरंगतंय रे? जेलीफिश पाळलाय काय?"

तळाजवळ कापसाच्या पेळूसारखे काहीतरी होते. बाटली तिरपी होताच ते सावकाश उलगडले आणि पुन्हा मिटले.

संकेतने दोन पावलांत येऊन बाटली त्याच्या हातातून घेतली. "कॉर्कचे कण असतात, अंकल. नॅचरल आहे. चला, मी तुम्हाला नंदाखालला सोडतो. उन्हात रिक्षा कुठे शोधणार?"

"मी पण!" संपदा म्हणाली. "मला पुढे बसायचंय."

"चल," संकेत म्हणाला. त्याने बाटली जागेवर ठेवली, लेबल समोर आणले, दार सरकवले आणि टीपॉयवरची किल्ली उचलली. त्याचा हात स्थिर होता. मला आठवते, त्या स्थिरपणाचे मला समाधान वाटले होते.

लिफ्टचा आवाज खाली गेला. आमच्या इमारतीत दोन गाड्या एकामागे एक लावतात. पुढची काढायची तर मागच्या गाडीच्या मालकाला खाली बोलवावे लागते. रविवारी त्याला वेळ लागतो. या एवढ्या गोष्टीचे मी आजही आभार मानतो.

मी कपाट उघडले. ती बाटली उजेडात धरली. पांढरा पेळू आता तळाशी बसला होता आणि त्याला बारीक, केसांसारखे तंतू होते. कॉर्कचा कण तपकिरी असतो, कोरडा असतो, त्याला तंतू फुटत नाहीत. ही बुरशी होती. उरलेल्या चहाच्या पातेल्यात ती दोन दिवसांत धरते. व्हिस्कीत ती धरू शकत नाही. इतक्या मद्यार्कात काही जगत नाही.

तरीही मी घाई केली नाही. घाईने काढलेले अनुमान मी नोकरीत कोणाचे मान्य केले नव्हते. काटा टेबलावर ठेवला, पातळी साधली, शून्य केले. बाटली ठेवली. खोके उलटे करून माझाच आकडा वाचला.

बाटली चाळीस ग्रॅमांनी जड झाली होती.

पाणी व्हिस्कीपेक्षा जड असते. पाऊण लिटरच्या बाटलीतली व्हिस्की काढून तेवढाच, त्याच रंगाचा कोरा चहा भरला, तर फरक साधारण एवढाच येतो. मी दुसरी ठेवली. तीही जड. तिसरी. चौथी. पाचवीला मी खोके उलटे केले नाही. गरज उरली नव्हती. नऊही बाटल्यांची सीले अभंग होती. आता जवळून पाहताना सीलाच्या कडेला प्लास्टिक किंचित सुरकुतलेले दिसले, गरम हवा जास्त लागल्यावर सुरकुतते तसे. स्वप्ना नेहमी विचारत असे, माझा हेअर ड्रायर हॉलच्या खणात कोण ठेवतं? तापवून सैल केलेले सील अखंड निघते आणि परत बसते; वास त्याचा होता, आणि मी स्विचबोर्ड उघडून बसलो होतो.

नऊ बाटल्या एका दिवसात संपत नाहीत. संपल्यावर तहानही थांबत नाही. म्हणजे घरात, गाडीत, कुठेतरी दुसऱ्या, साध्या बाटल्या होत्या. या केवळ आम्हाला दाखवायला उभ्या होत्या. मग मला टीपॉयवरची किल्ली आठवली आणि तिच्यामागे वेलदोड्यांचा वास. मार्सेल येण्याआधीपासून तो येत होता. सकाळपासून येत होता. रोज सकाळी येत होता. दारू पोटात गेली की व्यसनी माणसाचा थरथरणारा हात स्थिर होतो, हे मला केंद्रातल्या डॉक्टरांनी सांगितले होते.

खालून गाडी मागे घेताना वाजणारी धून ऐकू आली. मागची गाडी निघत होती.

मी संकेतला फोन लावला. तो समोर सोफ्यावर वाजला. मार्सेल मोबाइल बाळगत नाही.

मी इंटरकॉम उचलला. गेटवर शत्रुघ्न असतो. गोखिवऱ्याकडचा, आपली भातशेती सांभाळून इथे ड्यूटी करणारा.

"बोला काका."

"शत्रुघ्न, गेट बंद कर. संकेतची गाडी बाहेर सोडू नकोस."

"बंद करतो. पन कोन काय इचारलं तर? पान्याचा टँकर पन येतोय आता."

"टँकरला थांबव. गाडीचे ब्रेक..." मी थांबलो. ब्रेक नादुरुस्त आहेत म्हटले, तर संकेत काच खाली करून हसेल, पाय दाबून दाखवेल, आणि शत्रुघ्न गेट उघडेल. आणि खरे सांगितले, तर संध्याकाळपर्यंत ते प्रत्येक मजल्यावर पोचेल. स्वप्नाला ते माझ्याआधी दुसरे कोणीतरी सांगेल. मी तिला दिलेला शब्द मला शब्दशः आठवत होता. मी अडवणार नाही, असे मीच म्हणालो होतो.

"काका? गाडी आली."

हॉर्न इंटरकॉमवरून आणि खिडकीतून, दोन्हीकडून एकदम ऐकू आला.

"तो प्यायलाय, शत्रुघ्न. माझा मुलगा प्यायलाय. गेट उघडू नकोस."

मग कडी पडल्याचा आवाज. मग पुन्हा हॉर्न, लांब, आणि संकेतचा आवाज, "अरे, झोपला का? उघड!" आणि शत्रुघ्नचा, हळू पण ठाम, "साहेब, जरा थांबा. काकांनी सांगितलंय."

"काय सांगितलंय?"

शत्रुघ्न इंटरकॉमवर परत आला. "काका, पोरगी पुढं बसलीय. पट्टा बी लावला न्हाय. उतरवू?"

"आधी तिला उतरव. मी येतो."

मी ती बाटली हातात घेतली आणि जिन्याने उतरलो. लिफ्टची वाट पाहवली नाही.

खाली पोचलो तेव्हा संपदा शत्रुघ्नच्या खुर्चीवर बसली होती, सुकेळ्याचा तुकडा मुठीत धरून. मार्सेल गाडीबाहेर उभा होता. त्याने माझ्या हातातली बाटली पाहिली, तरंगणारा पेळू पाहिला, आणि या वेळी विनोद केला नाही.

"दिनानाथ," तो एवढेच म्हणाला, "गाडीत वास होता. मला वाटलं, माझाच भास असेल."

गेटबाहेर टँकरचा चालक हॉर्न वाजवत होता. वरच्या खिडक्यांमध्ये माणसे दिसू लागली होती. मी गाडीच्या काचेजवळ गेलो. काच वर होती. संकेतने माझ्याकडे पाहिले नाही. त्याने बाटलीकडे पाहिले. दोन्ही हात स्टिअरिंगवर, अगदी स्थिर. मी काचेवर बोटाने टकटक केले.

"संकेत, इंजिन बंद कर. किल्ली दे."

त्याचे ओठ हलले. काचेआडून मला ऐकू आले नाही. बहुधा तो "बाबा, किंमत" असे काहीतरी म्हणत होता. किंवा तसे मला वाटले.

"आजोबा, आपण जाणार नाही का?" मागून संपदाने विचारले.

मी गेटकडे पाठ करून, गाडी आणि तिची खुर्ची यांच्या मध्ये उभा राहिलो. खिशातून फोन काढला. स्वप्नाचे नाव शोधावे लागले नाही. ते सर्वांत वर होते. पलीकडे घंटा वाजू लागली.

"बोला बाबा," स्वप्ना म्हणाली. मागे इस्पितळातली गडबड होती. मग ती गडबड कमी झाली. ती बाजूला आली असावी. "बाबा? सील?"

"सीलं सगळी जागच्या जागी आहेत, वजनं नाहीत," मी म्हणालो. "तू ये. संपदा माझ्याजवळ आहे. ती गाडीत नाही."

"निघते," ती म्हणाली. फोन बंद झाला.

माझ्या मागे गाडीचे इंजिन अजून चालू होते.