पासष्ट टक्के पडून

रक्ततपासणीच्या त्या लॅबमध्ये सगळे त्यांना तारामावशी म्हणत, पण त्यांचं नाव तारा नव्हतं. इमारतीतली कुठली तार कुठून निघते आणि कुठे जाते हे फक्त त्यांनाच ठाऊक होतं, म्हणून ते नाव पडलं. वीज आणि कॉम्प्युटर दोन्ही त्या बावीस वर्षं सांभाळत होत्या. त्यांच्या वर होते मालकीण डॉक्टरबाईंचे धाकटे भाऊ, लॅबचे व्यवस्थापक. समोर सगळे त्यांना साहेब म्हणत, पाठ फिरली की भाऊराया. व्यवस्थापक होण्याची पात्रता त्यांच्या रक्तातच होती, आणि रक्ताच्या लॅबमध्ये नेमकी तीच कोणी तपासली नाही.

लॅबचे सगळे रिपोर्ट ज्याच्या पोटात असत तो नवा सर्व्हर आला, तेव्हा त्याच्या पाठीला वीज घेणारे दोन डबे होते, दोन वायरी होत्या. एक डबा बंद पडला तर दुसरा एकटा सगळा भार उचलणार. मावशींनी यूपीएसही दोन मागवले आणि सर्व्हरची एक वायर पहिल्या यूपीएसला, दुसरी दुसऱ्याला जोडली. बाहेरची वीज गेली तर दोन्हींतल्या बॅटऱ्या काम चालवणार. एखाद्या यूपीएसनेच मान टाकली तर दुसरा आहेच. दोन्हींच्या पडद्यावर भार दिसत होता, पस्तीस टक्के. मावशी समाधानाने घरी गेल्या.

भाऊरायांना त्याच आकड्याने अस्वस्थ केलं. पस्तीस टक्के वापर, म्हणजे पासष्ट टक्के नुसतं पडून! एवढी चांगली बॅटरीची वीज, आणि कोणी हातही लावत नाही. आठवड्याभरात पहिल्या यूपीएसला कॉफीचं मशीन लागलं, कारण वीज गेली तरी पाहुण्यांना कॉफी मिळालीच पाहिजे. दुसऱ्याला कागद लॅमिनेट करायचं मशीन आणि भाऊरायांच्या पायाशी ठेवायचा छोटा हीटर लागला. दोन्ही पडदे सत्तर दाखवू लागले.

मावशींनी त्यांच्या खोलीत जाऊन सांगितलं की ही मोकळी जागा मोकळी नाही, ती राखून ठेवलेली आहे. पहिला यूपीएस बंद पडला की कॉफीचं मशीन गपचूप विझेल, पण सर्व्हरचा तिकडचा पस्तीसचा भार उडी मारून दुसऱ्यावर येईल. सत्तर आणि पस्तीस, एकशे पाच. शंभरच्या वर गेलं की तोही हात वर करणार.

भाऊरायांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि कॅल्क्युलेटर पुढे ओढला. "मावशी, दोन यूपीएसचे मिळून दोनशे. वापर एकशे चाळीस. साठ अजून शिल्लक आहेत. तुम्ही उगाच घाबरता."

बेरीज बरोबर होती. बरोबर बेरजेशी वाद घालणं फार कठीण असतं. मावशींनी मग मोठ्या अक्षरांत सूचना लिहून दिली: सर्व्हरशिवाय इतर काहीही जोडू नये. भाऊरायांना अक्षर आवडलं. त्यांनी ती लॅमिनेट करून भिंतीवर लावली. लॅमिनेट केली ती अर्थातच यूपीएसला जोडलेल्या मशीनवर.

दोन महिन्यांनी गुणवत्तेचं प्रमाणपत्र देणाऱ्या संस्थेकडून तपासनीस बाई आल्या. सकाळचे अकरा वाजले होते, बाहेरच्या हॉलमध्ये तीसेक माणसं रिपोर्टची वाट पाहत बसली होती. बाई कमी बोलणाऱ्या होत्या. सगळ्या फाइली चाळून झाल्यावर त्या सर्व्हरच्या खोलीत आल्या आणि त्यांनी विचारलं की यातला एक यूपीएस बंद करून पाहिला तर चालेल का.

भाऊराया म्हणाले, अवश्य. मावशींनी दहा मिनिटं मागितली. तेवढ्यात हीटर आणि बाकीच्या वायरी काढून टाकायचा त्यांचा विचार होता. पण भाऊरायांनी तपासनीस बाईंसमोर तत्त्वाची गोष्ट काढली की परीक्षेसाठी घर आवरणं आमच्याकडे चालत नाही, रोज जसं असतं तसंच दाखवतो. बाईंनी मान डोलावली. आयुष्यात पहिल्यांदाच भाऊराया तांत्रिकदृष्ट्या बरोबर बोलले होते. आणि त्यांनी स्वतःच्या हाताने पहिल्या यूपीएसचं बटण दाबलं.

कॉफीचं मशीन विझलं. सर्व्हर चालू राहिला. भाऊराया हसून मागे वळले, तोच दुसऱ्या यूपीएसने एक लांब शिट्टी मारली आणि खोलीत अशी शांतता पसरली, जशी त्या खोलीत कधीच नव्हती. सर्व्हरचे पंखे थांबले, त्याचे दिवे विझले, बाहेरच्या सगळ्या पडद्यांवरचे रिपोर्ट गायब झाले. वीज कंपनीला मात्र बोल लावता येत नव्हता. समोरच्या रस्त्यावर कोणी बंद करायला विसरलेला दिवा भर उन्हात झगझगीत जळत होता. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच.

इतके दिवस मावशींना वाटत होतं की हा क्षण आला की आपल्याला बरं वाटेल. तसं काही वाटलं नाही. हॉलमध्ये एक बाई नवऱ्याच्या ऑपरेशनआधीचा रिपोर्ट घ्यायला सातपासून बसल्या होत्या, त्यांचा चेहरा मावशींना आठवला. त्यांनी कोणाकडे न पाहता नको त्या तिन्ही वायरी उपटल्या, दोन्ही यूपीएस चालू केले, सर्व्हर उठवला. सगळं जाग्यावर यायला पन्नास मिनिटं लागली. चौदा नमुने पुन्हा तपासावे लागले. त्या बाईंचा रिपोर्ट मावशींनी स्वतः छापून त्यांच्या हातात दिला.

संध्याकाळी डॉक्टरबाईंनी दोघांना बोलावलं. भाऊरायांनी तोवर दोन पानांचा अहवाल तयार केला होता. त्यात दोष सर्व्हरच्या "अचानक उडी मारण्याच्या स्वभावाला" दिला होता आणि तिसरा यूपीएस घेण्याची शिफारस होती.

बाईंनी तो वाचला, बाजूला ठेवला आणि मावशींना विचारलं, "तुम्ही याला आधी सांगितलं होतं?"

"लिहूनही दिलं होतं."

"मग मला का नाही सांगितलं?"

"ते तुमचे भाऊ आहेत," मावशी म्हणाल्या.

डॉक्टरबाईंनी तो अहवाल भावापुढे परत सरकवला. नंतर त्या भावाला एवढंच म्हणाल्या, "त्या खोलीला उद्या कुलूप लागेल. किल्ली मावशींकडे. तुला आत जायचं असेल तर त्यांना विचारायचं."

भाऊराया विचारायला कधी आले नाहीत. दीड महिन्याने तपासनीस बाई परत आल्या, तेव्हा ते रजेवर होते. मावशींनी आधी एक यूपीएस बंद केला, मग तो चालू करून दुसरा. दोन्ही वेळा सर्व्हरने साधं हूंही केलं नाही. बाईंनी कागदावर खूण केली आणि निघता निघता एक कप कॉफी मिळेल का, असं विचारलं. मावशींनी सांगितलं की मिळेल, पण वीज आहे तोवरच.