पिवळी पट्टी

सात महिने ताईची एक ओळ आली नाही, आणि मीही लिहिली नाही. मोठी ती, आधी तिने लिहावं. आमच्या घरात हट्ट सगळ्यांच्या वाट्याला भरपूर आलाय.

भांडण आई गेल्यानंतरचं. "तिच्या आजारपणात कुठे होतीस?" असं मी चारचौघांत विचारलं. ती उठून आत निघून गेली. आठ दिवस राहिली आणि समुद्रापलीकडे आपल्या घरी निघाली. फोनची सोय नाही, तिला कमी ऐकू येतं. फोनवर आमचं भांडणसुद्धा धड होत नाही. म्हणून जाताना तिनेच माझ्या दुकानातल्या कॉम्प्युटरवर मेल उघडून दिला, पासवर्ड चिठ्ठीवर लिहिला आणि म्हणाली, "ही खिडकी बंद करू नकोस रे, नंतर तुला उघडता यायची नाही."

नाही केली बंद, कॉम्प्युटरही नाही. घड्याळं दुरुस्त करणारा माणूस मी, चालतं यंत्र विनाकारण उघडत नाही. दुकानात येणाऱ्या प्रत्येक घड्याळाला चिठ्ठी लागते, तशी ताईची चिठ्ठीही मी स्क्रीनच्या वरच्या कडेला चिकटपट्टीने आडवी डकवून टाकली. रोज सकाळी आधी मेल बघायचो, मग कुलपाची किल्ली ठेवायचो. तीच यादी, तीच नावं. जाहिरातीही यायच्या बंद झाल्या. म्हटलं, पीडा गेली.

आज ताईला सत्तर पूर्ण झाली. सकाळपासून हात कामाला लागेना. खड्ड्यात गेला तो मान, असं म्हणून बसलो आणि दोन बोटांनी दीड तास लिहीत राहिलो. 'पाठवा' दाबलं. चक्र फिरायला लागलं, ते फिरतंच राहिलं. शेवटी माझंही डोकं फिरलं आणि मी मेलच्या कंपनीच्या मदत क्रमांकावर फोन लावला.

"काका, ब्राउझर कोणता वापरता?" पलीकडच्या बाईने विचारलं.

"निळा."

ती हसली नाही, हा तिचा मोठेपणा. इंटरनेट चालू आहे का? आहे. दुसरी साइट उघडते का? उघडते. कॉम्प्युटरची तारीख आणि वेळ बरोबर आहे का?

"अहो बाई, घड्याळवाला आहे मी! माझी वेळ चुकली तर दुकानाला कुलूप लावेन."

"बरं, बरं. वरती एक पिवळी पट्टी दिसतेय का?"

"नाही."

"अगदी वर बघा, यादीच्या डोक्यावर."

"नाही म्हटलं ना. तिथे चिठ्ठी आहे."

"कसली चिठ्ठी, काका?"

मी नखाने चिकटपट्टी सोडवली, ताईचं अक्षर फाटू नये म्हणून हळूहळू. खाली पिवळी पट्टी होती. 'संपर्क तुटला आहे. हे पान जुने आहे. पुन्हा उघडा.' कधीपासून होती कोण जाणे. बंद घड्याळात रोज वेळ बघणारं गिऱ्हाईक आलं असतं, तर मी त्याची काय टर उडवली असती!

"आता पान ताजं करा. पण त्याआधी लिहिलेलं सगळं कॉपी करून..." बाई सांगत होती, तोवर मी दाबलंही होतं. दीड तासाचं पत्र पुसलं गेलं. पासवर्ड मागितला, तो चिठ्ठीत बघून घातला.

मेल धबाधबा येऊन पडले. ढीगभर जाहिराती, आणि त्यांच्या मधून मधून ताई. अकरा वेळा ताई.

पहिल्यात, पोचले. दुसऱ्यात, रागावलास का रे? तिसऱ्यात माझ्या प्रश्नाचं उत्तर होतं. आई आजारी होती तेव्हा ती स्वतःच दवाखान्यात होती, ऑपरेशन झालं होतं. आईच्या कानावर जाऊ नये म्हणून कुणालाच बोलली नव्हती. दहाव्यात, सोळा तारखेला येतेय, स्टेशनवर ये.

अकरावा वीस दिवसांपूर्वीचा.

"दोन तास वाट बघितली. मग दुकानाशी आले. तू डोळ्याला भिंग लावून वाकला होतास. काचेबाहेर पाच मिनिटं उभी होते, तू मान वर केली नाहीस. उत्तरही देऊ नये इतका राग असेल तर आत कशाला जाऊ? तब्येतीला जप."

त्या दिवशी कुणाचं घड्याळ हातात होतं, तेही आठवत नाही मला. पाच मिनिटं. एका काचेपलीकडे माझी बहीण.

"काका, आहात ना? मेल दिसले?"

"दिसले, बाई." मी अकरावा पुन्हा पहिल्यापासून वाचला. तिने घाई केली नाही, फोन धरून ठेवला.

पत्र पुन्हा लिहिलं. या वेळी दीड तास लागला नाही. "ताई, मला आजपर्यंत काही मिळालंच नव्हतं. माझं चुकलं. मला तू हवी आहेस. ये." चक्र एकदा फिरलं आणि पत्र गेलं.

उत्तर अजून नाही. कामाचं टेबल मी काचेकडे तोंड करून ठेवलंय. दर पाच मिनिटांनी पान ताजं करतो, आणि बाहेर कुणी थबकलं की भिंग काढून बघतो.