भागिरथेचा नॉर्मल रिपोर्ट

इंझोरीच्या रस्त्याला रोग बरे करणाऱ्या एका महाराजांचा मंडप पडला होता आणि आत पाय ठेवायला जागा नव्हती. हे महाराज देवाचं नाव घेत नसत. अंगारा नाही, लिंबू नाही. एका हातात जुना कागद, दुसऱ्या हातात नवा.

"हा दवाखान्याचा रिपोर्ट! टीएसएच बावन्न! पाहिजे पाचाच्या आत! अन् हा आजचा. तीन! मी नाही बोलत मायबाप, मशीन बोलते!"

टाळ्या पडल्या. स्टेजवर माझी धाकटी बहीण भागिरथा उभी होती. तिच्या गळ्यातली थायरॉईड ग्रंथी काम करत नव्हती, म्हणून वर्षभर ती रोज सकाळी उपाशीपोटी गोळी घेत होती. गोळी सुरू झाल्यावर तिने रक्त पुन्हा तपासलंच नव्हतं. आठवडाभर गोळीसोबत महाराजांनी दिलेलं पाणी प्यायली आणि आकडा उतरलेला दिसला.

"फेक गोळी, माय! बऱ्या माणसाले गोळी कायले?"

तिने गोळ्यांची डबी मंडपाशेजारच्या नाल्यात फेकली.

घरी आल्यावर मी म्हणालो, "भागिरथे, आपल्या बापानं छप्पन साली देवाबुवाले सोडलं, अन् तू पाण्यानं बरी झाली?"

"दादा, मी कुठं देव मानला? रिपोर्ट मानला. तूच म्हणतं ना, पुरावा पाह्य म्हणून? घे पुरावा."

मी त्या आकड्यावर बोट ठेवून वाचलं. तीनच होतं.

चार-पाच दिवसांनी महाराजांनी पुन्हा रक्त काढायला लावलं. गोळी बंद, तरी आकडा ठीक! मग आमच्यातले शंका घेणारेही गप्प झाले. भागिरथेचा मुलगा विनोद याने तो कागद प्लास्टिकमध्ये घालून बुद्धाच्या फोटोखाली लावला.

थंडी पडली तशी भागिरथेची जीभ जड झाली, तोंड सुजलं, बसल्या जागी डोळा लागू लागला.

"चाल, रक्त तपासू," मी म्हणालो.

"कायले? रिपोर्ट नॉर्मल हाय ना," ती भिंतीकडे बोट दाखवून म्हणाली.

एका सकाळी ती उठलीच नाही. तिला वाशिमच्या दवाखान्यात नेलं. डॉक्टर सपना यांनी विचारलं, "गोळी का सोडली?"

"रिपोर्ट नॉर्मल आला म्हणून," विनोद म्हणाला.

"अहो, तो गोळीमुळेच नॉर्मल आला होता! मजूर बसून राहिला की मुकादम ओरडतो ना? टीएसएच म्हणजे मेंदूचं ओरडणं. ग्रंथी बसली की आकडा चढतो. गोळी ते काम करून देते, म्हणून मुकादम गप्प होतो. याचा अर्थ गोळीचं माप बरोबर आहे. रोग गेला असा नाही."

"पण गोळी सोडल्यावर चार-पाच दिवसांनी महाराजानं रक्त काढायला लावलं, तवाबी नॉर्मलच होता," मी म्हणालो.

"गोळीचा असर अंगात काही दिवस उरतो. आकडा पुरता चढायला दीड महिना तरी लागतो. महाराजानं त्याआधीच रक्त काढायला लावलं."

भागिरथा शुद्धीवर आली नाही. तशीच गेली.

मंडप आता जऊळक्याला होता. मी गर्दीत उभा राहून ओरडलो, "महाराज, रक्त काढलं तवा बाई गोळीवर होती! आकडा गोळीचा, पाण्याचा कसा?"

महाराज हसले. "बाबा, एवढंच सांगा. तुमच्या बहिणीचा रिपोर्ट नॉर्मल होता का नाही?"

"होता, पण..."

"होता म्हणते, मायबाप! होता!"

टाळ्यांत माझं बोलणं बुडालं. स्टेजवरच्या नव्या बाईनं डबी फेकली. मी ती उचलून तिच्यापुढे धरली. "घरी जाय बुढ्या," म्हणत तिच्या माणसानं माझा हात झटकला.

म्हणून लिहितो. गोळी चालू असताना आकडा ठीक आला, तर ते गोळीचं काम आहे. डॉक्टरला विचारल्याशिवाय ती सोडू नका. माप बदललं तर दीड-दोन महिन्यांनी रक्त पुन्हा तपासा. आणि कुणी पुरावा दाखवला, तर तो कशाचा पुरावा आहे, हे आधी विचारा.

विनोदच्या भिंतीवर तो कागद अजून आहे. काढ म्हटलं, तर म्हणतो, "राहू द्या मामा. माय बरी झाली होती, याचा तेवढाच पुरावा हाय."