आठवड्याला एक आटा

पाणीपुरवठा खात्यात तिला सगळे ‘व्हॉल्व्हमन बाई’ म्हणत. मॅन आणि बाई एकाच नावात कशी मावली, हा विचार तिने पहिल्याच दिवशी सोडून दिला होता. रस्त्यातल्या चेंबरचं झाकण उचलायचं, लांब चावी आत सोडायची आणि आटे मोजत फिरवायची. एक पूर्ण फेरा म्हणजे एक आटा. या कामात तिचा हात धरणारं खात्यात कुणी नव्हतं.

म्हणून तर पंपघराच्या दहा दिवसांच्या प्रशिक्षणाला तिची निवड झाली होती. राहायचं तिकडेच. निघायला सहा आठवडे होते, आणि घरात दीड वर्षाची गोटी दिवसातून पाच वेळा हक्काने अंगावर पीत होती.

“त्यात काय एवढं? दूध तोडायचं,” सासूबाई म्हणाल्या. “चार दिवस बहिणीकडे जाऊन राहा. पोर विसरेल, दूधही आटेल. आमच्या वेळी असंच करायचे. थोरल्याच्या वेळी तूही केलंस की!”

केलं होतं खरं. छातीत गाठी झाल्या, ताप भरला, ते सगळं ती विसरलीही असती. पण परत आल्यावर थोरल्याने तिच्याकडे एकदा पाहिलं आणि आजीच्या कुशीत तोंड खुपसलं. आठ दिवस तो तिच्याकडे आला नाही. आता सात वर्षांच्या त्या पोराला यातलं काही आठवत नाही. तिच्या मात्र काळजाला ते आठ दिवस अजून टोचतात.

“विसरेल ना, तेच मला नकोय,” ती म्हणाली. “आई, धावतं पाणी एका दमात अडवलं तर पाईप दणका देतो. पुढच्या गल्लीत सांधा फुटतो. हळूहळू आवळलं तर कुणाला कळतसुद्धा नाही.”

“आणि दीड वर्षानंतर त्या दुधात राहिलंय काय? नुसतं पाणी!”

“पाण्याला नावं ठेवू नका हं. त्याच्यावर आपलं घर चालतं.”

“तुझ्या डोक्याचे आटे आधी आवळ,” म्हणत सासूबाई हसल्या.

दवाखान्यातल्या नर्सताईंनी मात्र तिचीच बाजू घेतली. मूल पीत राहील तोवर दूध येत राहतं, त्याला वर्षाची मुदत नसते; पिणं कमी केलं की तेही हळूहळू कमी होतं. हे तर तिला पाठच होतं.

पाच वेळा, पाच आठवडे. आधी दुपारचं बंद झालं, मग संध्याकाळचं. त्या वेळी नवरा गोटीला खांद्यावर टाकून फिरायला न्यायचा. दर वेळी ती गोटीला खरं ते सांगायची, मूठ चावीसारखी फिरवून: “बंद.” छाती ठणकली तर जरासं दूध पिळून टाकायची, पुरतं रिकामं करायची नाही. झोपतानाचं शेवटी राहिलं. त्याला गोटीने तीन दिवस घर डोक्यावर घेतलं. तिसऱ्या दिवशी हिचा हात ब्लाउजच्या हुकाकडे गेलाच होता. मग तिने तो हात गोटीच्या पाठीवर ठेवला आणि बेसूर गात राहिली. रडली तरी पोर माझ्याच मांडीवर आहे, एवढं तिला पुरे होतं.

प्रशिक्षणात ती पहिली आली. पण घराच्या दारात पाऊल टाकलं आणि सगळा तोरा उतरला. गोटी आजीच्या मांडीवर बसून तिच्याकडे टक लावून पाहत होती.

गोटी मांडीवरून घसरली आणि दुडदुडत सुटली. उचलून घेताच सवयीने गोटीचा हात आईच्या गळ्यापाशी गेला. हिच्या छातीत झिणझिण्या आल्या, ब्लाउजवर रुपयाएवढा ओला डाग उमटला. व्हॉल्व्ह बंद केला तरी पाईपातलं उरलेलं पाणी काही दिवस झिरपतंच. गोटीने डागाला बोट लावलं, इवलीशी मूठ फिरवली आणि म्हणाली, “बंद.” मग मान टाकून खांद्यावर पडून राहिली.

सासूबाईंनी पुढे होऊन गोटीच्या पाठीवरून हात फिरवला.

“तुझा नवरा महिनाभर आला नव्हता माझ्याकडे,” त्या म्हणाल्या. “आम्हाला कुणी सांगितलंच नाही गं, हळू आवळायचं असतं म्हणून.”